मोडीतला आस, मोडीतले ब्रेक: अमेरिकेतील जुन्या पिकअपच्या फेरजुळणीचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत बांधलेला एखादा पिकअप ट्रक आजही रस्त्यावर धावताना दिसतो, तेव्हा त्याची केबिन, दरवाजे, फुगीर मडगार्ड आणि मागचा उघडा हौदा बहुधा मूळचाच असतो. मात्र हौद्याखाली वाकून पाहिल्यास मागचा आस एका गाडीचा, ब्रेक दुसऱ्या गाडीचे आणि पुढच्या चाकांची सारी जुळणी तिसऱ्याच गाडीची निघण्याचा संभव मोठा असतो. जुन्या वाहनाचे वरचे रूप जपून खालचे आस आणि ब्रेक बदलण्याची ही रीत तिथे जवळजवळ शंभर वर्षांची आहे. तिचा इतिहास सहसा सुधारणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, म्हणजे यांत्रिक ब्रेकनंतर द्रवदाबाचे, ड्रमनंतर डिस्कचे, अशी चढती भाजणी मांडली जाते. ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. कारण कोणत्या दशकात कोणता आस जुन्या ट्रकाखाली गेला, हे कारखान्यातील शोधांपेक्षा भंगाराच्या आवारात त्या वेळी काय स्वस्त आणि मुबलक पडून होते यावरून अधिक ठरत गेले.

पिकअपला दोन आस असतात आणि त्यांची कामे निराळी असतात. जुन्या पिकअपचा पुढचा आस म्हणजे घडवलेल्या पोलादाची एक सलग तुळई. तिचे काम केवळ वजन पेलण्याचे असते आणि तिच्या दोन्ही टोकांना किंगपिन नावाच्या उभ्या खिळींवर चाके वळतात. मागचा आस पोकळ असतो आणि त्याच्या मधल्या फुगवट्यात क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी असते, जी इंजिनाकडून येणारी फिरकी काटकोनात वळवून चाकांकडे पाठवते; वळणावर आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियलही त्याच फुगवट्यात बसवलेला असतो. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की जी संख्या येते तिला आसाचे गुणोत्तर म्हणतात. ते ४.११ असेल तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याला चारहून थोडे अधिक फेरे घ्यावे लागतात. आकडा मोठा असेल तर ओढ वाढते आणि वेग घटतो, लहान असेल तर उलट घडते. या एका आकड्यात त्या वाहनाकडून कोणते काम अपेक्षित होते हे लिहिलेले असते.

फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या मॉडेल टीच्या दोन आसनी गाडीला कारखान्यातच पोलादी हौदा जोडून ती २८१ डॉलरांना विकायला काढली आणि फोर्डच्या कारखान्यातून तयार स्वरूपात बाहेर पडलेला हा पहिला पिकअप ठरला. त्या गाडीच्या ब्रेकची रचना आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. पायाने दाबायचा मुख्य ब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरपेटीतील एका ड्रमभोवती आवळणारा पट्टा होता आणि त्याचा जोर मागच्या आसामधूनच चाकांपर्यंत पोचत असे. मागच्या चाकांवर लहान ब्रेक होते, पण ते हाताच्या दांड्याने ओढायचे आणि मुख्यतः उभी गाडी जागेवर धरून ठेवण्यापुरते होते. पुढच्या चाकांना तर ब्रेकच नव्हता. त्यामुळे आसातला एखादा भाग तुटला की गाडीची ओढ आणि तिचा ब्रेक ही दोन्ही एकाच क्षणी जात. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना रेटा झेलण्यासाठी बॅबिट या कथिलप्रधान मऊ मिश्रधातूच्या चकत्या होत्या. त्या काळाच्या ओघात भुगा होऊन गळून जातात, मग क्राउन पिनियनपासून सरकतो आणि उतारावर पाय ब्रेकवर असूनही गाडी धावतच राहते. म्हणूनच या चकत्या काढून तिथे पितळी-कांस्याच्या जातीच्या चकत्या बसवणे हे मॉडेल टी राखणाऱ्यांचे आजही पहिले कर्तव्य मानले जाते.

आस आणि ब्रेक यांचे हे सख्य पहिल्या मोठ्या सुधारणेतही दिसते. १९२० च्या दशकात रक्स्टेल नावाचा दोन गतींचा आस फोर्डच्या विक्रेत्यांकडेच मिळू लागला. मूळ आसाच्या पोटात ग्रहमालेसारखी दातेरी चाके बसवून तो चढावासाठी आणि ओझ्यासाठी एक जादा सावकाश गती देत असे, आणि डोंगराळ भागातील शेतकऱ्यांना त्याचा मोठाच आधार होता. पण गती बदलताना हा आस दोन्ही गतींच्या मध्ये अडकून मोकळा राहू शकत असे आणि तसे झाले की गिअरपेटीतला ब्रेक चाकांपर्यंत पोचतच नसे. या जादा गतीच्या आसाबरोबर मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे पट्ट्यांचे जादा ब्रेक घेणे शहाणपणाचे ठरले, ते यामुळेच. ओढ सुधारायची म्हटली की थांबण्याची सोयही नव्याने करावी लागते, हा या कसबातला नियम तेव्हापासूनचा आहे आणि तो विसरणाऱ्यांची उदाहरणेही तेव्हापासूनचीच आहेत.

द्रवदाबाच्या ब्रेकचे मूलतत्त्व साधे आहे: पायाने दाबलेल्या पेडलमुळे मास्टर सिलिंडर नावाच्या नळकांड्यातील दट्ट्या सरकतो, त्यातील द्रव नळ्यांतून चारही चाकांकडे सारख्याच दाबाने जातो आणि तिथले लहान दट्ट्ये ब्रेकचे शू ड्रमवर रेटतात. माल्कम लॉकहीड यांनी, ज्यांच्या बंधूंचे आणि त्यांचे नाव विमानांच्या कारखान्यामुळे अधिक परिचित आहे, या रचनेचे पेटंट १९१७ मध्ये घेतले. ड्यूसेनबर्गने ती १९२१ मध्ये आणि क्रायस्लरने १९२४ मध्ये वापरात आणली. शेव्हरोले १९३६ मध्ये तिच्याकडे वळली. हेन्री फोर्ड मात्र पेडलपासून चाकापर्यंत सलग पोलादी सळ्यांवरच विश्वास ठेवून राहिले आणि त्यांच्या गाड्यांना द्रवदाबाचे ब्रेक १९३९ मध्ये मिळाले. या हट्टाचा परिणाम असा झाला, की बाजारात लक्षावधी फोर्ड गाड्या सळ्यांच्या ब्रेकच्या होत्या आणि १९३९ नंतरच्या अपघातग्रस्त फोर्ड गाड्यांचे ब्रेक थोड्याफार फेरफाराने त्यांच्यावर बसत होते.

ही संधी साधली ती दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी. म्युरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर ते जुन्या फोर्ड गाड्या पळवत. त्यांच्या क्लबांची मिळून एक संघटना १९३७ मध्ये उभी राहिली आणि महायुद्धानंतर, जानेवारी १९४८ मध्ये, अशा गाड्यांच्याच नावाचे ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले. पुढच्या आसाची टोके तापवून, वाकवून गाडी जमिनीलगत आणायची आणि त्याच आसावर १९३९ नंतरचे फोर्डचे द्रवदाबाचे ब्रेक बसवायचे, ही त्या काळातली प्रमाण कृती होती. पिकअपच्या दृष्टीने यात एक गंमत आहे. फोर्डने १९४८ मध्ये काढलेल्या एफ-१ या पिकअपचे पुढचे ब्रेक त्याच कंपनीच्या जुन्या मोटारींच्या ब्रेकांपेक्षा सरस होते, आणि १९५३ पासूनच्या एफ-१०० या पिकअपची स्टिअरिंगची पेटी दणकट होती. त्यामुळे कित्येक वर्षे मोडीत निघालेले पिकअप हे हॉट रॉडवाल्यांना सुटे भाग पुरवणारे निव्वळ एक कोठार होते. जो ट्रक पुढे दुसऱ्यांचे आस आणि ब्रेक घेऊन जगणार होता, तो आधी आपले ब्रेक आणि स्टिअरिंग देऊन संपत होता, आणि आज तो दुर्मीळ असण्याला हेही एक कारण आहे.

पिकअप स्वतः या हौसेचा विषय का आणि कसा झाला हे समजण्यासाठी एका विशिष्ट ट्रकाची रचना जवळून पाहणे सोयीचे ठरेल. शेव्हरोलेने जून १९४७ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ नावाची मालिका बाजारात आणली आणि तिच्यातील ३१०० हा अर्ध्या टनाचा पिकअप अमेरिकेच्या ग्रामीण भागात सर्वत्र पसरला. (जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून होता आणि १९५४ मध्ये तो बंद होईपर्यंत शेव्हरोलेचे ट्रक तिथूनही बाहेर पडत, पण येथे विचार अमेरिकेतील रीतीचा आहे.) या ट्रकात २१६ घनइंचांचे सहा सिलिंडरचे, सुमारे ९० अश्वशक्तीचे इंजिन होते. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे बॅबिट ओतून केलेली होती आणि त्यांना पंपाच्या पूर्ण दाबाने तेल मिळत नसे; रॉडच्या तळाशी असलेली पळी फिरता फिरता तेलात बुडून ते वर घेत असे. शेतावरून गावच्या बाजारात ताशी ४० मैलांनी, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरच्या वेगाने, जाणाऱ्या ट्रकाला एवढे पुरेसे होते. मागच्या आसाचे गुणोत्तर ४.११, पाऊण टनाच्या ट्रकात ४.५७ आणि एक टनाच्या ट्रकात ५.१४ होते. अर्ध्या टनाचा ट्रक ताशी ६० मैलांनी चालवायचा म्हटला तर इंजिनाला मिनिटाला जवळजवळ ३,००० फेरे घ्यावे लागतात, आणि पळीने तेल पिणारे ते इंजिन तासन्‌तास एवढ्या गतीने फिरवणे म्हणजे बेअरिंगे वितळण्याला आमंत्रण देणे होय. ज्या वर्षी हा ट्रक आखला गेला त्या वर्षी त्यात दोष असा काहीच नव्हता. दोष पुढे रस्त्यांनी निर्माण केला.

अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ च्या जूनमध्ये संघीय महामार्ग कायद्यावर स्वाक्षरी केली आणि ४१,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटरच्या, आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. या रस्त्यांवर चौक नव्हते, चढ सौम्य होते आणि रहदारीचा सर्वसाधारण वेग जुन्या पिकअपच्या सोयीच्या वेगाहून कितीतरी अधिक होता. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे ताशी ४० मैलांऐवजी ६५ मैलांवरून तोच ट्रक थांबवायचा तर ब्रेकना अडीचपटींहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. त्यातच शेव्हरोलेने १९५५ मध्ये आपले २६५ घनइंचांचे व्ही-८ इंजिन आणले, ज्याची अश्वशक्ती त्या वर्षीच्या मोटारींत १६२ पासून सुरू होत होती. हे इंजिन आणि त्याचे पुढचे वाढते अवतार जसजसे मोडीत येऊ लागले तसतसे ते जुन्या पिकअपमध्ये शिरू लागले. आधी इंजिन, मग आस आणि शेवटी, बहुधा एखाद्या धडकी भरवणाऱ्या प्रसंगानंतर, ब्रेक, असा या बदलांचा क्रम बहुतेक गॅरेजांत राहिला. तो उलटा असायला हवा होता हे सांगण्यास फारशा विद्वत्तेची गरज नाही.

ड्रम ब्रेकची उणीव नेमकी कुठे आहे हेही पाहावे लागते, कारण सर्व ड्रम ब्रेक सारखे नसतात. १९५० पर्यंतच्या शेव्हरोले पिकअपवर हक पद्धतीचे ब्रेक होते. त्यांत दोन्ही शू तळाशी आपापल्या ठाम टेकूवर बसलेले असतात आणि एकाचा रेटा दुसऱ्याला मिळत नाही. १९५१ पासून आलेल्या बेंडिक्स पद्धतीत मात्र पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर किंचित ओढला जाऊन मागच्या शूला ढकलतो, त्यामुळे चाकाखाली सरकवलेली दगडाची उटी जशी गाडीच्याच वजनाने घट्ट होत जाते तसा हा ब्रेक ड्रमच्याच फिरण्याने अधिक आवळला जातो आणि पायाला कमी जोर लावावा लागतो. बेंडिक्सचे हे ब्रेक १९४७ ते १९५० च्या ट्रकांवर सहज बसतात, आणि कारखान्याचा मूळ बाज न मोडता करता येणारी ही सुधारणा आजही तिच्या लायकीच्या मानाने उपेक्षित आहे. तरीही दोन्ही पद्धतींत उष्णतेचा प्रश्न उरतोच. लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. त्याच वेळी तापलेल्या लायनरचे घर्षण घटते आणि पेडल फळीपर्यंत खाली जाऊनही गाडी थांबत नाही. पाण्यातून गेलेल्या ड्रमची गत काही वेळ तीच असते. डिस्क ब्रेकमध्ये उघड्यावर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. तबकडी तापून फुगली तर ती पॅडच्या जवळच येते आणि वारा तिला निववत राहतो.

मात्र जुन्या शेव्हरोले पिकअपमध्ये सर्वांत मोठा धोका ड्रमचा नव्हता. तो एकेरी मास्टर सिलिंडरचा होता. चारही चाकांच्या नळ्या एकाच नळकांड्यातून निघत. कुठलीही एक नळी फुटली वा एका चाकाच्या सिलिंडरची रबरी वाटी फाटली तर सारा द्रव तिथून निघून जाई आणि एकही चाक थांबत नसे. कॅडिलॅकने १९६२ च्या गाड्यांत दुहेरी मास्टर सिलिंडर दिला, ज्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचे दोन स्वतंत्र कप्पे असतात. पुढे १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाने मोटार कारखानदारांना जनतेसमोर उभे केले, १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा संघीय कायदा झाला आणि १९६७ च्या अमेरिकी गाड्यांत दुहेरी सिलिंडर सर्रास आला. आधीच्या वाहनांना तो मागाहून बसवण्याची सक्ती संघीय कायद्याने केली नाही. जुन्या ट्रकांच्या मालकांनी ते काम स्वतःहून केले. आस आणि ब्रेक यांच्या सगळ्या बदलांत खर्चाच्या मानाने सर्वांत मोलाचा बदल हाच होय, आणि तो बाहेरून दिसत नसल्यामुळेच कदाचित त्याची प्रौढी कुणी मिरवत नाही.

या कामातील एक बारकावा नमूद करण्याजोगा आहे. शेव्हरोले पिकअपचा मास्टर सिलिंडर केबिनच्या फळीखाली, चालकाच्या पायांखाली चेसिसला जोडलेला असे आणि द्रवाची पातळी पाहायची तर फळीतील झाकण काढावे लागे. नवा दुहेरी सिलिंडर त्याच जागी बसवला की तो पुढच्या चाकांवरील कॅलिपरपेक्षा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या जबड्यापेक्षा, खाली राहतो. गाडी उभी असताना द्रव हळूहळू उताराकडे परततो आणि सकाळी पहिल्यांदा दाबलेले पेडल पोकळ लागते. म्हणून नळीत एक लहान झडप बसवतात, जी डिस्कच्या बाजूला दर चौरस इंचाला २ पौंड आणि ड्रमच्या बाजूला १० पौंड एवढा दाब कायम धरून ठेवते. याखेरीज प्रमाण राखणारी आणखी एक झडप लागते. कारण रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर फारच थोडे वजन असते, जोरात ब्रेक दाबताना तेही पुढे झुकते, आणि मागची चाके आधी जाम झाली की हौदा आडवा फिरून पुढे येऊ पाहतो. ही झडप मागच्या चाकांचा दाब एका मर्यादेनंतर सावकाश वाढू देते. डिस्क ब्रेकमध्ये बेंडिक्ससारखी आपोआप आवळण्याची सोय नसल्याने नळीतला दाब अधिक लागतो, त्यासाठी इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर घालावा लागतो, आणि फळीखालच्या अडचणीत मावेल असा लहान बूस्टर शोधावा लागतो. एका चांगल्या वस्तूने दुसऱ्या चार वस्तूंची गरज निर्माण करावी, हे या कसबात नित्याचेच आहे.

मागच्या आसाचा बदल त्याहून अवघड होता. १९५४ पर्यंतच्या या पिकअपमध्ये गिअरपेटीकडून आसाकडे जाणारा दांडा एका जाड पोलादी नळीत बंद असे. ती नळी आसाला पक्की जोडलेली आणि पुढे गिअरपेटीला गोलसर सांध्याने टेकलेली असल्याने चाकांचा सारा रेटा तिच्यातूनच चेसिसकडे जाई आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर केवळ वजन येई. १९५५ मध्ये उघडा दांडा आला. त्याआधीच्या ट्रकाला दुसरा आस घालायचा म्हणजे नळी, आस आणि गिअरपेटी तिन्ही एकदमच बदलावी लागत. ज्यांना एवढी उलथापालथ नको होती त्यांनी शेव्हरोलेच्या स्वयंचलित गिअरच्या मोटारींतील ३.५५ गुणोत्तराची क्राउन-पिनियन जोडी मिळवून मूळच्याच आसात बसवली. ट्रक बाहेरून तसाच राहिला आणि इंजिनाची दमछाक थांबली.

उरलेल्यांनी मोडीच्या आवाराकडे मोर्चा वळवला. फोर्डने १९५७ मध्ये नऊ इंच व्यासाच्या क्राउनचा आस आणला आणि १९८६ पर्यंत तो मोटारींपासून ट्रकांपर्यंत अनेक वाहनांत वापरला. त्याचा दातेरी चाकांचा संच पुढच्या बाजूने एक अखंड गठ्ठा म्हणून काढता येतो, म्हणजे गुणोत्तर बदलायचे तर टेबलावर जुळवलेला दुसरा गठ्ठा आणून बसवता येतो. शिवाय त्याच्या पिनियनला पुढच्या टोकालाही बेअरिंगचा आधार असतो, त्यामुळे जोराखाली तो हलत नाही. या दोन गुणांमुळे, आणि तीस वर्षे तो असंख्य गाड्यांत गेल्यामुळे, शेव्हरोलेच्या निष्ठावंतांनीही फोर्डचा आस निमूटपणे स्वीकारला. ज्यांची निष्ठा अधिक कडवी होती त्यांना १९६७ ते १९६९ च्या कॅमारोचा आस सापडला, जो रुंदीने पिकअपच्या मडगार्डांत मावत होता आणि पाट्यांवरच बसवलेला होता. मात्र पिकअपच्या चाकाला साडेपाच इंचांच्या वर्तुळावर सहा बोल्ट, तर कॅमारोच्या चाकाला पावणेपाच इंचांच्या वर्तुळावर पाच. मागे पाच आणि पुढे सहा बोल्टांची चाके असलेल्या ट्रकाला दोन जादा चाके बाळगावी लागतात. त्यामुळे मागचा आस बदलणाऱ्याला पुढची हबही बदलावी लागली आणि पाच बोल्टांच्या हबसोबत डिस्क ब्रेक येतच होते. डिस्क ब्रेकच्या प्रसाराचे श्रेय सुरक्षेच्या जाणिवेला जेवढे आहे तेवढेच, किंबहुना थोडे अधिक, या बोल्टांच्या गणिताला आहे. पुढे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांना १९९५ पासून मागेही डिस्क ब्रेक आले, आणि त्या गाड्या मोडीत पोचू लागल्यावर त्यांचा ८.८ इंची आस जुन्या पिकअपखाली दिसू लागला. तबकडीच्या पोटात हातब्रेकसाठी वेगळा लहान ड्रम असल्याने मागच्या डिस्कांचा हातब्रेकचा नेहमीचा प्रश्नही त्याने सोडवला.

आस बसवण्याचे काम एका टप्प्यावर विलक्षण संयमाचे असते. पाटे ज्यावर टेकतात त्या लोखंडी बैठका आसाच्या नळ्यांना वेल्डिंगने जोडायच्या असतात, पण आधी पिनियनचा कोन ठरवावा लागतो. दांड्याच्या दोन टोकांचे सांधे सारख्या आणि परस्परविरुद्ध कोनात फिरले तरच एकाने निर्माण केलेली गतीची चढउतार दुसरा फेडतो; नाहीतर ठरावीक वेगाला सारा ट्रक थरथरू लागतो. म्हणून बैठका आधी सैल ठेवून ट्रक त्याच्या पूर्ण वजनासह स्वतःच्या चाकांवर उतरवतात, गिअरपेटीच्या शेपटीचा उतार कोनमापकाने मोजतात, पिनियन तिला समांतर आणतात आणि मगच बैठका टाचतात. त्यानंतरही वेल्डिंग सलग ओढत नाहीत. इंच-दीड इंचाचे टाके बाजू बदलत घालतात आणि मध्ये नळी निवू देतात, कारण एका बाजूने तापलेली नळी केसभर जरी वाकली तरी आतल्या दांड्याची बेअरिंगे आणि तेलाची सीले थोड्याच दिवसांत जातात.

पुढच्या बाजूचा इतिहास फॅशनच्या अधिक जवळचा आहे. मूळची सलग तुळई तिच्याच जागी ठेवून तिच्या टोकांना कंस लावून डिस्क ब्रेक बसवण्याचे आणि हबमधील जुन्या गोळ्यांच्या बेअरिंगांऐवजी निमुळत्या रोलरची बेअरिंगे घालण्याचे संच निघाले, आणि थांबण्यापुरता विचार केला तर एवढे पुरते. पण दोन्ही चाके एकाच तुळईवर असली की एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्यालाही जाणवतो. चाके परस्परांपासून स्वतंत्रपणे वरखाली व्हावीत ही सुखासीनतेची इच्छा होती. शेव्हरोलेने स्वतः १९६० च्या पिकअपांना तशी रचना दिली आणि १९७१ मध्ये हलक्या पिकअपांना पुढे डिस्क ब्रेक सरसकट दिले, त्यामुळे साठीच्या दशकातील ट्रकांना त्यांच्याच धाकट्या भावंडांचे भाग मिळाले. त्याआधीच्या ट्रकांच्या मालकांनी मात्र नाना वाटा धुंडाळल्या: कुणी कॅमारोचा पुढचा सांगाडाच कापून आपल्या चेसिसला जोडला, कुणी एफ-१०० खाली जॅग्वारचा, तर कुणी प्लिमथ व्होलारेचा पुढचा संच घातला. सर्वांत टिकली ती १९७४ ते १९७८ च्या मस्टँग-२ या छोट्या मोटारीची रचना, कारण ती आटोपशीर होती आणि तिच्यात रॅक-पिनियन स्टिअरिंग होते. त्या गाडीची तबकडी जेमतेम सव्वानऊ इंचांची होती आणि ती एका हलक्या मोटारीसाठी आखलेली होती. व्ही-८ घातलेल्या पिकअपला ती अपुरी पडणार हे उघड होते. पुढे मूळ भाग संपले, तेव्हा व्यापाऱ्यांनी ११ इंची तबकड्यांसह सगळे सुटे भाग नव्याने घडवले आणि आवारात शोधण्याची गोष्ट कॅटलॉगमधून मागवण्याची झाली.

अलीकडची लाट पोलीस खात्याच्या निवृत्त गाड्यांची आहे. फोर्डच्या क्राउन व्हिक्टोरियाला २००३ मध्ये नवी चेसिस आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग मिळाले, अमेरिकेतील पोलीस दले आणि टॅक्सीवाले त्या गाड्या हजारोंनी वापरून लिलावात काढत राहिले, आणि त्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा पुढचा आडवा तुकडा चाके, ब्रेक व स्टिअरिंगसकट बोल्टांनी सुटत असल्याने एफ-१०० च्या मालकांना तो जणू हातात आणून दिलेला होता. त्याची रुंदी जुन्या ट्रकाला अंमळ जास्त होते आणि चाके आत घेण्यासाठी खोल बशीच्या रिमा लागतात, पण किमतीपुढे ही अडचण कुणी मोजली नाही. क्राउन व्हिक्टोरियाचे उत्पादन २०११ मध्ये थांबले. त्यामुळे हा साठाही आटत चालला आहे.

ज्यांच्याकडे पैसा आहे ते या सगळ्या वाटा सोडून संपूर्ण नवी चेसिसच विकत घेतात, जिच्यावर आस, ब्रेक, नळ्या, स्टिअरिंग सारे जुळवून आलेले असते आणि वरून फक्त जुनी केबिन व हौदा उतरवायचा असतो. त्यातून नोंदणीचा एक पेच उभा राहतो. ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ शेव्हरोलेच्या अनुक्रमांकाची पट्टी चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावर बसवलेली असते. म्हणजे ट्रकाची कागदोपत्री ओळख केबिनबरोबर फिरते, आणि जिच्यावर वजन, ओढ व ब्रेक यांचा सारा भार आहे ती चेसिस बदलली तरी पट्टीवरचा आकडा १९४९ चाच राहतो. ही पट्टी काढणे वा हलवणे गुन्हा असल्यामुळे गंजलेला खांब बदलायची वेळ आली तरी गॅरेजवाले पट्टीभोवतीचा पत्रा तेवढा जागच्या जागी ठेवतात आणि नवा पत्रा त्याच्या कडेपर्यंत आणून जोडतात.